स्पार्क प्लग, वायरी आणि इग्निशन कॉइल घरच्या घरी कसे बदलायचे

गाडीचं काम स्वतः करायला शिकायचं असेल तर सुरुवात स्पार्क प्लगपासून करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइल बदलायला गाडीखाली शिरावं लागतं आणि जुन्या ऑइलचं काय करायचं हा प्रश्न उरतो. ब्रेकच्या कामात काही राहून गेलं तर जिवावर बेततं. प्लगचं काम मात्र बोनेट उघडून उभ्याउभ्या होतं, मोजक्या हत्यारांत होतं, आणि नवख्या माणसालाही तासा-दीड तासात जमतं. शिवाय जुने प्लग तुमच्या हातात येतात. गॅरेजमध्ये ते बहुतेक वेळा थेट कचऱ्यात जातात, आणि इंजिनच्या आत काय चाललंय हे सांगणारी सर्वात स्वस्त खूण त्यांच्याबरोबर जाते.

हा लेख पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतात. तिथले ग्लो प्लग हे वेगळं प्रकरण आहे. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरलाच करू द्या.

आपल्या गाडीत नेमकं काय आहे

बोनेट उघडा, इंजिनवरचं प्लॅस्टिकचं झाकण असेल तर काढा आणि नीट बघा. मारुती ८००, जुनी झेन, एस्टीम अशा गाड्यांत एका डिस्ट्रिब्युटरमधून (कॉइलची वीज एकेका प्लगला वाटून देणारा भाग) जाड रबरी वायरी निघून प्रत्येक प्लगवर जाताना दिसतील. त्यानंतरच्या काही गाड्यांत डिस्ट्रिब्युटर गेला आणि त्याच्या जागी एक कॉइल पॅक आला, पण वायरी राहिल्या. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत, म्हणजे के-सीरीज इंजिनाच्या वॅगन आर आणि स्विफ्टमध्येही, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतंत्र कॉइल बसलेली असते. तिथे जाड वायरी नसतातच. इंजिनाच्या वर रांगेत तीन किंवा चार काळ्या कॉइल दिसतात, प्रत्येकीला एक छोटा कनेक्टर आणि एक बोल्ट.

रचना कुठलीही असो, काम तेच: बॅटरीच्या १२ व्होल्टचे कॉइल वीस ते चाळीस हजार व्होल्ट करते, आणि तो दाब प्लगच्या दोन टोकांमधल्या एक मिलिमीटरच्या आसपासच्या फटीत ठिणगी पाडतो. ही फट म्हणजे गॅप. गाडी जुनी होते तशी टोकं झिजतात, गॅप वाढतो, ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि सगळा ताण कॉइलवर येतो. झिजलेले प्लग वर्षानुवर्षं तसेच चालवले की कॉइल जाते, ती यामुळे.

कधी बदलायचे

साधे निकेलचे प्लग बऱ्याच गाड्यांत ३०,००० ते ४०,००० किमीला बदलायचे असतात. इरिडियम किंवा प्लॅटिनमचे ८०,००० ते १,००,००० किमीपर्यंत चालतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे, आणि तोच खरा. सीएनजीवर गाडी चालत असेल तर त्याच्या थोडं आधीच बदला. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून पेट्रोलवर मुकाट चालणारी गाडी सीएनजीवर टाकताच झटके देते. पुण्या-मुंबईत सीएनजी भरून रोज चालणाऱ्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. लोक किटला दोष देतात, ट्यूनिंग करून आणतात, आणि मूळ कारण असतं झिजलेले प्लग.

बाकी लक्षणं ओळखीची आहेत: सकाळी स्टार्टर जास्त वेळ फिरवावा लागणं, सिग्नलला उभं असताना इंजिन थरथरणं, घाटात चढावर पिकअप न मिळणं, अ‍ॅव्हरेज उतरणं. मेकॅनिक म्हणतात, ‘गाडी मिसिंग करतेय.’ चेक इंजिनचा दिवा नुसता पेटलेला नसून लुकलुकत असेल तर गाडी पुढे रेटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग तापून कायमचा निकामी होतो. तो प्लगांच्या पूर्ण सेटपेक्षा कितीतरी महाग असतो.

काय आणायचं

प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबराचेच घ्या. ‘याच्याऐवजी हा चालतो’ असं काउंटरवर ऐकायला मिळेल, तरी नंबर जुळवूनच घ्या, कारण त्या नंबरात आट्यांची लांबी, जाडी आणि हीट रेंज (प्लग आपली उष्णता किती लवकर बाहेर सोडतो ते) सगळं दडलेलं असतं. आट्यांची लांबी जास्त झाली तर प्लग पिस्टनला भिडू शकतो. हीट रेंजचा आकडा कंपनीगणिक उलटा वाचावा लागतो: एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड, म्हणजे उष्णता लवकर सोडणारा प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम प्लग. म्हणून कंपनी बदलताना आकड्यांवरून अंदाज बांधू नका, त्या कंपनीचा तक्ता बघा. एनजीकेच्या नंबराच्या शेवटी ११ असेल तर गॅप १.१ मिमी, १० असेल तर १ मिमी.

खरेदी अधिकृत पार्टच्या दुकानातून करा. बाजारात नकली प्लग भरपूर आहेत आणि खोका हुबेहूब असतो. प्लगवरची छपाई बोटाने पुसली जात असेल, मधलं टोक वाकडं दिसत असेल, सेटमधल्या प्लगांचे गॅप डोळ्यांनाच वेगवेगळे दिसत असतील तर ते परत करा.

हत्यारांत प्लगचा सॉकेट सर्वात महत्त्वाचा. बऱ्याच गाड्यांना १६ मिमीचा लागतो, जुन्यांना २१ चा, काही नव्या गाड्यांना १४ चा. आत रबर किंवा चुंबक असलेलाच घ्या, म्हणजे प्लग जिथे बसतो त्या खोल भोकातून, म्हणजे विहिरीतून, तो अलगद वर येतो. त्याबरोबर रॅचेट, लांब एक्स्टेंशन, कॉइलच्या बोल्टसाठी बहुधा १० चा सॉकेट, फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या), डायलेक्ट्रिक ग्रीसची (वीज न वाहू देणारं ग्रीस) छोटी ट्यूब, आणि शक्य असेल तर टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना. आणखी एक चीज, जिच्यावर माझा रेंचपेक्षा जास्त विश्वास आहे: पेट्रोल पाइपसारख्या रबरी नळीचा वीतभर तुकडा, प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल असा. तो कशाला, ते पुढे येतंच.

काम सुरू करण्याआधी

इंजिन पूर्ण थंड हवं. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम. आजच्या गाड्यांचं इंजिन हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ते गरम असताना प्लग काढला तर मऊ अ‍ॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर ओरबाडून निघू शकतात, आणि मग तासाभराच्या कामाचं हेड उतरवण्यापर्यंतचं काम होतं.

किल्ली काढून खिशात ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. इंजिन चालू असताना कॉइल किंवा प्लग वायर ओढून ‘कुठला सिलेंडर बंद आहे’ ते बघण्याची पद्धत गॅरेजमध्ये दिसेल. घरी ती करू नका. झटका जोरदार बसतो आणि कॉइलचं किंवा ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) इलेक्ट्रॉनिक्सही जाऊ शकतं. घरात कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी चालू इंजिनाच्या उघड्या बोनेटजवळ थांबूच नये.

मोबाइलवर एक फोटो काढा. काय कुठे होतं, हा प्रश्न नंतर हमखास पडतो.

कॉइल आणि प्लग काढणं

एका वेळी एकच सिलेंडर. हा नियम पाळला की निम्म्या चुका होतच नाहीत.

पहिल्या कॉइलचा कनेक्टर काढा. त्याच्या खिट्टीचं प्लॅस्टिक इंजिनच्या उष्णतेने कडक आणि ठिसूळ झालेलं असतं. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की तुटतं. आधी कनेक्टर किंचित आत दाबा, खिट्टी अंगठ्याने दाबून धरा, मग मागे ओढा. काही कनेक्टरांना रंगीत सरकतं लॉक असतं, ते आधी मागे घ्यावं लागतं. मग बोल्ट काढा, आणि कॉइल लगेच वर खेचू नका. तिचं खालचं रबरी बूट प्लगला चिकटून बसलेलं असतं. कॉइल थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे फिरवून चिकटा सोडवा, मग सरळ वर ओढा. तिरकी ओढली की बूट फाटून आत राहतं.

आता विहिरीत टॉर्च मारून बघा. धूळ, वाळू, सुका पाला काहीही असू शकतं. प्लग काढला की हा सगळा कचरा थेट सिलेंडरमध्ये पडणार. म्हणून आधी हवा मारा. टायरचा छोटा इलेक्ट्रिक पंप आणि चेंडूत हवा भरायची सुई एवढ्यात भागतं. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण वाळू उलटी अंगावर येते.

विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय. ते ऑइल कापडाने टिपून घ्या, काम पूर्ण करा, पण सील लवकर बदलून घ्या. ऑइलमुळे बुटाचं रबर फुगून मऊ पडतं आणि नवी कॉइलही काही महिन्यांत मिसिंग करायला लागते.

सॉकेट प्लगवर पूर्ण आणि सरळ बसला याची खात्री करून डावीकडे फिरवा. पहिला झटका जड असतो, नंतर हलकं फिरलं पाहिजे. मध्येच पुन्हा जड झालं तर थांबा. पाव फेरा उलटा घट्ट करा, पुन्हा सैल करा, थेंबभर गंज सोडवणारं ऑइल सोडून पंधरा-वीस मिनिटं वाट पाहा. तरीही हलत नसेल तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. तिथे काम थांबवून गाडी चांगल्या फिटरकडे नेणं हाच शहाणपणा.

जुना प्लग वाचायला शिका

निघालेले प्लग सिलेंडरच्या क्रमाने ओळीत मांडा. पहिला सिलेंडर साधारणपणे टायमिंग बेल्ट किंवा चेनच्या बाजूचा. उजेडात एकेक हातात घेऊन टोक बघा.

मधल्या टोकाभोवतीचं सिरॅमिक फिकट बदामी किंवा करडं असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, एअर फिल्टर तुंबलाय, किंवा गाडी फक्त दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांपुरतीच चालते आणि प्लगला तापून स्वतःला साफ करायला वेळच मिळत नाही. काळं पण ओलं, तेलकट टोक म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल आत येतंय. पांढरंफटक, फोड आल्यासारखं किंवा वितळलेलं टोक ही गंभीर खूण आहे: प्लग फार गरम चाललाय, हीट रेंज चुकीची, मिश्रणात पेट्रोल कमी किंवा कूलिंगमध्ये बिघाड. सीएनजीवरच्या गाडीत काजळी कमी असते, त्यामुळे टोक एरवीपेक्षा फिकट दिसलं तरी घाबरू नका. फोड आणि वितळणं तेवढं शोधा.

खरी माहिती तुलनेत असते. चारही प्लग सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक, म्हणजे फिल्टर किंवा सेन्सर. तीन बदामी आणि एकच तेलकट असेल तर दोष त्या एका सिलेंडरात.

पांढऱ्या सिरॅमिकवर, धातूच्या षटकोनाला लागून, एक तपकिरी कडं दिसेल. गॅस गळतोय असं समजून अनेक जण घाबरतात. ती गळती नव्हे. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले ऑइलचे सूक्ष्म कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, इतकंच. पण सिरॅमिकवर उभी, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ असेल तर वीज टोकाकडे न जाता बाहेरून उडी मारतेय. तशी रेघ दिसली की प्लगबरोबर त्याचं बूटही बदला. जुनं बूट नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा पाडतं.

नवा प्लग बसवणं

खोक्यातून काढल्यावर गॅप मोजा. निकेलच्या प्लगचा गॅप चुकलेला असेल तर बाहेरचं वाकडं टोक हलकेच ठोकून किंवा उचलून दुरुस्त करता येतो. मधल्या टोकाला हत्यार लागू देऊ नका. इरिडियमचं मधलं टोक सुईसारखं बारीक असतं, त्यात गेज घुसवून वाकवण्याच्या भानगडीत पडू नका; गॅप चुकीचा वाटला तर प्लग बदलून आणा. हातातून फरशीवर पडलेला प्लग वापरू नका. आतल्या सिरॅमिकला गेलेला तडा बाहेरून दिसत नाही.

आता तो रबरी नळीचा तुकडा. प्लगचं वरचं टोक नळीत अडकवा, प्लग विहिरीत सोडा, आणि नळी बोटांनी फिरवा. आधी किंचित डावीकडे: आट्याचं तोंड आट्याला मिळालं की बोटांना एक बारीक ‘टक’ जाणवतं. मग उजवीकडे. प्लग सरळ गेला तर नळीवरच तो कित्येक फेरे आत जातो. तिरका लागला असेल तर नळी प्लगवर नुसती घसरते आणि आटे वाचतात. रॅचेटने सुरुवात केली तर ही जाणीव हाताला होतच नाही. लोखंडी प्लग अ‍ॅल्युमिनियममध्ये स्वतःचे नवे आटे पाडत आत जातो आणि तुम्हाला वाटतं, छान घट्ट बसतोय.

हाताने पूर्ण बसल्यावर टॉर्क रेंच. १४ मिमी आट्यांच्या, वॉशरवाल्या प्लगला साधारण २५ न्यूटन मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. रेंच नसेल तर नवा वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यापासून अर्धा फेरा. तोच प्लग काढून पुन्हा लावत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, म्हणून जेमतेम एक द्वादशांश फेरा. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला एक षोडशांश पुरतो.

आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावू नका. आजच्या चांगल्या प्लगांच्या आट्यांवर मुलामा असतोच. वर आणखी काही लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच टॉर्कला प्लग नको इतका आवळला जातो.

बुटाच्या आतल्या कडेला डायलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ थर द्या, कॉइल सरळ खाली दाबून बसवा, बोल्ट हलक्या हाताने आवळा (तो प्लॅस्टिकमध्ये किंवा छोट्या आट्यांत असतो), कनेक्टर ‘टक’ वाजेपर्यंत आत ढकला. मगच पुढच्या सिलेंडरकडे जा.

वायरी असतील तर

इथे एकेक करून बदलण्याचा नियम दुप्पट महत्त्वाचा. ठिणग्यांचा क्रम बहुतेक चार सिलेंडर गाड्यांत १-३-४-२ आणि तीन सिलेंडर गाड्यांत १-३-२ असा असतो, आणि सगळ्या वायरी एकदम उपटल्या तर तो जुळवताना डोकं फिरतं. एक जुनी वायर काढा, लांबीने तिच्याशी जुळणारी नवी निवडा, दोन्ही टोकं बसवा, मग दुसरी. काढताना वायर धरून ओढू नका, बूट धरा. आतला कार्बनचा गाभा ओढल्याने तुटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही.

नव्या वायरी जुन्यांच्याच वाटेने, त्याच क्लिपांतून न्या. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला टेकलेली वायर काही दिवसांत जळते. डिस्ट्रिब्युटरचं कॅप उघडून आतली टोकं आणि मधला कार्बन बघून घ्या. पांढरट-हिरवट थर खरवडण्याजोगा असेल तर तेवढं करा, पण तडा दिसला तर कॅप बदलाच.

वायरी खराब आहेत का, हे बघायला पावसाळ्याची रात्र सर्वात चांगली. दमट अंधारात इंजिन चालू करून बोनेट उघडा, हात मागे ठेवा. गळकी वायर निळसर ठिणग्या सोडताना दिसते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुन्या गाड्या जूनमध्येच मिसिंग का करायला लागतात, त्याचं उत्तर बऱ्याचदा तिथेच मिळतं. उंदरांनी कुरतडल्याच्या खुणाही पाहा. पार्किंगमध्ये आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीत हा मोठा उपद्रव आहे.

कॉइल बदलायची की नाही

प्लग बदलताय म्हणून सगळ्या कॉइलही बदला, असा सल्ला मिळेल. मी तो देणार नाही. कॉइल चालतेय तोवर ती राहू द्या, आणि संशय असेल तर जागा बदलून तपासा. त्यासाठी ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, पुरतो. समजा पी०३०२ कोड आला, म्हणजे दुसऱ्या सिलेंडरला मिसफायर, आपली तीच ‘मिसिंग’. इंजिन थंड आणि बंद असताना दुसरी आणि तिसरी कॉइल आपसात बदला, कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल खराब. पुन्हा पी०३०२ च आला तर कॉइल निर्दोष, शोध प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टरकडे न्या. पी०३०० म्हणजे मिसफायर एका ठिकाणी नाही, तेव्हा एकट्या कॉइलवर संशय घेऊ नका. पी०३५१ पासूनचे कोड थेट त्या त्या कॉइलच्या सर्किटबद्दल बोलतात. तिथे कनेक्टरच्या पिना आणि वायर आधी बघा.

मल्टिमीटरने ओहम मोजण्याची पद्धत जुन्या कॉइलना ठीक आहे. प्लगवर बसणाऱ्या बऱ्याच कॉइलमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट आतच असतं, तिथे मीटरचा आकडा काही सांगत नाही.

सुरू करताना

बॅटरी जोडा, हत्यारं आणि कापड मोजून उचलून घ्या, स्टार्टर मारा. पहिलं मिनिटभर नुसतं ऐका. ‘फुस्स फुस्स’ असा लयीत आवाज येत असेल तर एखादा प्लग ढिला आहे. थरथर असेल तर बहुधा एखादा कनेक्टर अर्धवट बसलाय. सीएनजी गाडी आधी पेट्रोलवर, मग सीएनजीवर चालवून बघा, आणि चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये जोर देऊन बघा. मिसिंग असेल तर ती तिथेच उघडी पडते.

तारीख आणि किलोमीटर कागदाच्या पट्टीवर लिहून ती पट्टी बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. एवढं करूनही एकाच सिलेंडरची मिसिंग राहिली तर आणखी पार्ट विकत घेऊ नका. कॉम्प्रेशन, इंजेक्टर आणि इनटेकची हवागळती तपासायला गाडी मेकॅनिककडे न्या, आणि कुठल्या सिलेंडरची कॉइल कुठे हलवून पाहिली, कोणता कोड आला, त्या सिलेंडरचा प्लग कसा दिसत होता, हे त्याला आधी सांगा, म्हणजे तो पुन्हा पहिल्यापासून शोधत बसणार नाही.